नखातली लाली

हुडकेश्वर, नागपूर
१८ नोव्हेंबर

सखूबाईले गोपिकाचा नमस्कार, जिवंत हाताचा.

बाई, तू पाठवलेली हिरवी साडी पोचली. पण मी मेली नाही.

हर्षितवर रागावू नको, पोराची काही चूक नाही. आमच्या चेतननं त्याले फोनवर सांगितलं, "आईचं पोटाचं ऑपरेशन झालं, ऑक्सिजन लावला आहे." आता आपल्या उमरेडात ऑक्सिजन लावला म्हणजे लाकडं सांगून या, असंच समजतात ना वं. तू पेटी उघडली, साडी काढली, लेकाच्या हाती दिली अन् तो बिचारा मिळन त्या एसटीनं दवाखान्यात. आमच्या मिनलनं विचारलं, "भाऊजी, पिशवीत काय आणलं?" तं म्हणते, "काही नाही वहिनी, डबा." डबा छातीशी धरून बसला! मग काचेतून त्यानं मले पाहिलं. तोंडावर मास्क अन् मी त्याले हात हालवून राहिली. त्याच्या हातातली पिशवीच पडली, साडीचा काठ बाहेर आला अन् आमच्या सुनेले सगळं समजलं. ती हसली का रडली ते तिलेच माहीत.

आपल्याले भाऊ नाही, मायबाप गेले. बाई मेली का तिच्या अंगावर माहेरची साडी पडली पाहिजे, अन् माझं माहेर म्हणजे तूच. शालिकराम भाऊजी गेल्यापासून तू माझ्याशी बोलत नाही, माझा फोन उचलत नाही. पण साडी पाठवाले तू घटकाभर बी लावली नाही. हे मले सगळ्यात आधी लिहायचं होतं.

आता झालं काय ते सांगतो. प्रणालीचं लग्न जुळलं, साक्षगंध ठरलं होतं. नात पाहावं तं अशी नटून राहिली होती का बाप्पा! अन् मले उजव्या बरगडीखाली चमक मारे. जेवली का मारे. मी ओवा खाल्ला, गरम पाणी पेली, कोणाले सांगितलं नाही. पोरीच्या कार्यात आजीचं पोट काहून मधात आणू? उलट मी काय केलं माहीत आहे? बसली अन् केसाले काळी मेहंदी लावली, हातानंच, हातमोजा न घालता. बोटं अशी काळी झाली जशी कोळशाच्या खाणीत गेली होती. तुले माझं नटणं माहीतच आहे. साक्षगंधाच्या आदल्या दिवशी पडली ती पडलीच. पित्ताच्या थैलीत खडे होते, ती थैली आतच फुटली. दवाखान्यात नेली तेव्हा हातपाय थंडेगार, लघवी बंद, अन् मी कोणाले ओळखत नव्हती.

बाई, मी वाचली. लय मोठी गोष्ट आहे ही, एका पत्रात मावत नाही. पण हे पत्र मी त्याच्यासाठी लिहून राहिली नाही.

तुझ्या सुनेनं, काजलनं, मिनलले सांगितलं का तुले बी तसंच चमक मारते. उमरेडच्या डॉक्टरानं सोनोग्राफी केली, खडे दिसले, म्हणे लवकर थैली काढा. अन् तू म्हणाली, "पोट कापा, पण तोंडात नळी घालान तं मी येत नाही. नळी लावली म्हणूनच आमचे हे गेले."

बाई, तुझी थैली फुटाच्या आत ये. एवढंच.

काजल, हे वाचतानी आवाज खाली करू नको. तुझ्या सासूले सगळं ऐकू येते, फक्त माझा फोन ऐकू येत नाही.

तुझी लहानी
गोपिका

---

हुडकेश्वर
२९ नोव्हेंबर

सखूबाईले नमस्कार.

तुझा निरोप काजलनं फोनवर दिला. "तिले म्हणा, मेली नाही तं साडी परत पाठव." ऐकून आमचा बुढा असा हसला का चहा सांडवला सोफ्यावर. म्हणते, "तुझी बहीण सुधारणार नाही." मी म्हटलं, "गणपतराव, तुम्ही तिले नावं ठेवू नका, तो माझा हक्क आहे."

साडीचं नंतर पाहू. आज तुले ऑक्सिजन सांगतो.

मले बी वाटे का ऑक्सिजन म्हणजे सिलिंडर, तोंडावर लावलं का काम झालं. जगला तं जगला. तसं नसते वं! मले ज्या डॉक्टर बाईनं पाहिलं ती श्वेता नावाची, आपल्या प्रणालीपेक्षा थोडीशीच मोठी असन. बोटाले एक चिमटा लावतात, त्यात लाल उजेड असते, रक्तात ऑक्सिजन किती ते मशीनवर दिसते. माझ्या बोटाले लावला तं आकडा येईच ना. या बोटाले लाव, त्या बोटाले लाव. मग ती माझी बोटं पाहून म्हणते, "आजी, हे काय आहे?" मी तेव्हा कुठं बोलाच्या हालात होती! मिनलनं बाहेरून सांगितलं, काळी मेहंदी. सगळे हसले म्हणे, त्या तशा वेळेस बी. मग चिमटा कानाच्या पाळीले लावला. मरता मरता मी लोकाईले हसवलं, लिहून ठेव.

पण खरी गोष्ट मेहंदीची नव्हती. कानाले आकडा चांगला आला, तरी माझे पाय थंडे अन् गुडघ्यावर निळे चट्टे. श्वेता डॉक्टरनं मले नंतर समजावलं, मी पाच वेळा विचारलं तरी रागावली नाही. म्हणे, "आजी, मास्कमधून ऑक्सिजन भरपूर येत होता. छातीतून रक्तात बी जात होता. पण पुढं, अंगाच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचत नव्हता."

पोचत नव्हता! मी रात्रंदिवस तेच मनात घोळवलं. अन् मग मले आपला हातमाग दिसला.

तूच सांग. सूत घरात येऊन पडलं म्हणजे कापड झालं काय? सूत कांडीवर भरा लागते. कांडी धोट्यात बसवा लागते. अन् धोटा इकडून तिकडं फेकाले हात लागते. ऑक्सिजन म्हणजे सूत. रक्त म्हणजे कांड्या, त्याच्यावरच तो गुंडाळून जाते. अन् धोटा फेकणारा हात म्हणजे काळीज. दारात सुताचे गठ्ठे रचले अन् कांड्या कमी, हात थकलेला, तं माग बसला का नाही? माझा माग बसला होता, बाई.

मग त्याईनं काय काय केलं ते ऐक. मले दुसऱ्याचं रक्त दिलं. कांड्या वाढवल्या. कोणाचं रक्त, मले माहीत नाही. कोणी माणूस कुठंतरी बाकावर झोपला असन, मूठ उघडझाक केली असन, वरून चहाबिस्कुट खाऊन घरी गेला असन. अन् त्याचं रक्त माझा ऑक्सिजन वाहून राहिलं! मी त्याले ओळखत नाही, तो मले ओळखत नाही. बुढा म्हणते, "आता तू थोडी दुसऱ्या कोणाची झाली, माझ्यावर कमी ओरड." मी म्हटलं, "तो माणूस बी ओरडणारा असन तं?"

मग काळजाचं. काळजाले ताकद यावी म्हणून सलाईन द्याचं, पण जास्त झालं तं छातीत पाणी भरते. द्याचं का नाही द्याचं, कसं समजाचं? तं काय करतात, खाट अशी फिरवतात का पाय वर होतात. पायातलं रक्त घडीभर काळजाकडं येते. काळजानं ते झेललं, नाडी भरली, तं समजाचं का सलाईन द्याले हरकत नाही. नाही झेललं तं पाय खाली, रक्त आपल्या जागी परत. म्हणजे माझंच रक्त मले उसनं देऊन पाहिलं! कोणाच्या डोक्यात आलं असन हे? मी त्या माणसाच्या पाया पडीन.

अन् मी थरथरून राहिली होती तं सिस्टरनं गरम पांघरूण टाकलं, दुखण्याचं औषध दिलं. मले वाटलं माया करून राहिली. माया होतीच, पण त्याच्या मागं कारण बी होतं. थरथरणारं अंग ऑक्सिजन फुकट खाऊन टाकते, मग आत किडनीले, डोक्याले उरत नाही. आणणारा हात चालवा अन् उधळणारा हात थांबवा. आपली माय घर असंच चालवे ना?

अन् हे सगळं चाललं का नाही, ते पाहाले श्वेता डॉक्टर काय करे? एवढी मशीनं टिकटिक करून राहिली अन् ती माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबे. दाबलं का नख पांढरं. सोडलं का लाली परत येते. पहिल्या दिवशी लाली येतच नव्हती, वाट पाहा लागे. मग जराशी लवकर. मग एक दिवस तिनं दाबलं अन् सोडलं अन् लाली अशी धावत आली का ती एकदम हसली. म्हणते, "आजी, पोचला!"

बाई, मी सत्तर वर्षं श्वास घेऊन राहिली. मले माहीतच नव्हतं का श्वास घेणं हे अर्धंच काम आहे. बाकीचं अर्धं आत कोणीतरी करते. मी झोपली तरी करते. तुझ्याशी भांडली तरी करते. आता मी घरात सगळ्याईची नखं दाबून पाहतो. दूधवाल्याचं बी दाबलं. तो आता दूध ठेवते अन् पळते.

तू आत्ता तुझं नख दाब. काजल, दाबून दाखव तिले. आली लाली? पाहा. तू काही केलं नाही अन् ती आली.

गोपिका

---

हुडकेश्वर
८ डिसेंबर

बाई,

तुझा निरोप आला. या खेपेस मी हसली नाही.

"एवढी मशीनं होती, एवढं सगळं येत होतं, तं माझा माणूस काहून गेला?"

काजल म्हणे, तू हे बोलली अन् उठून आत गेली, पुढचं पत्र ऐकलंच नाही. हे मात्र पूर्ण ऐक. काजल, वाचतानी थांबू नको.

शालिकराम भाऊजीच्या आतड्याले पीळ पडला होता. नागपूरले आणलं तेव्हा आत सडून गेलं होतं. तू कपडे आणाले अन् घराले कुलूप लावाले उमरेडले गेली होती, त्याईच्या उशाशी मी होती. ऑपरेशन झालं, श्वास थकला, डॉक्टरानं विचारलं, "नळी लावायची का?" मी म्हटलं, लावा. तू आली तोपर्यंत ते बोलत नव्हते. तुले त्याईले घरी न्याचं होतं, आपल्या हातानं पाणी पाजाचं होतं. ते झालं नाही. तू दवाखान्याच्या जिन्यात सगळ्याईच्या देखत म्हणाली, "गोपे, तू माझ्या माणसाचं तोंड बंद केलं."

मी माफी मागाले लिहून राहिली नाही. आज कोणी विचारलं तरी मी म्हणीन, लावा.

पण तेव्हा मले जे माहीत नव्हतं ते आता आहे, कारण मी तिथून जाऊन आली. मले बी नळी लावली होती, बाई. तुले वाटते ते तडफडले, त्याईले सांगाचं होतं अन् तोंडात नळी होती. मले काही आठवत नाही. काहीच नाही. झोपेचं औषध चालू असते. नळी काढली तेव्हा खोकला आला, घसा खरखरला, अन् पहिलं मनात काय आलं, सांगू? प्रणालीच्या साक्षगंधाची रसमलाई कोणी खाल्ली. एवढंच. मी डॉक्टर नाही, सगळ्याईचं सारखं असते का ते मले माहीत नाही. पण मी भेली नाही. ते बी भेले नसतीन.

अन् ते काहून गेले? मी श्वेता डॉक्टरले विचारलं. त्याईचा कागद तिनं पाहिला नाही, म्हणून ती पक्कं काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, "आजी, आम्ही पोचवायचं पाहतो. कधी कधी पोचवूनही आतलं अंग घेत नाही, उशीर झालेला असतो." सूत आलं, कांड्या भरल्या, हात बी चालवला, पण माग आतून जळला होता. हे कोणाचंच पाप नाही, बाई. तुझं नाही, माझं नाही, नळीचं नाही.

एक मात्र तू विसरली, ते मी आठवण देतो. तू उमरेडहून धावत आली, त्याईचा हात हातात घेतला. मग बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "गोपे, हात गरम आहे." भांडण त्याच्या नंतरचं. आधी तू हे म्हणाली होती. तो हात गरम काहून होता वं? आता मले माहीत आहे गरम हात म्हणजे काय. माझे थंडे होते, मले विचार. तू येईपर्यंत तो हात त्या नळीनं गरम ठेवला होता.

आता साडीचं. परत पाठवत नाही. काल तिले उन्हात टाकली अन् काठ उलटून पाहिला. करवतीचे दाते, अन् दर थोड्या अंतरानं एक दाता जरासा मोठा. असं विणणारा हात एकच आहे. तूच विणली ही, अन् भाऊजी असतानी विणली. हिरवी, सवाशिणीची. विकाले नाही, लेकीले नाही, तुले पोरगीच नाही. बाई, ही तू स्वतःसाठी विणली होती ना? त्याईच्या आधी जाशीन अन् ही नेसून जाशीन म्हणून. ते आधी गेले, अन् ही पेटीतच राहिली.

अन् अबोला धरलेल्या बहिणीसाठी तू तीच काढून दिली.

मी तिले उन्हातून उचलली, घडी केली. मग मिनलले म्हटलं, हिले फॉल लावून आण, पिको करून आण. ती म्हणे, "आई, ही तं..." मी म्हटलं, "मले माहीत आहे ही काय आहे. लावून आण."

हर्षितच्या हाती एक खेळणं पाठवून राहिली. प्लास्टिकचं आहे, त्यात तीन गोळ्या. तुझ्या छातीत जन्माचा सुताचा भुसा गेला आहे, म्हणून ऑपरेशनच्या आधी छाती तयार करा लागते. नवं आहे, माझं उष्टं नाही. पाईप तोंडात धर अन् गोळ्या वर उचल. मी पहिले फुंकत बसली, गोळी हालेच ना, सगळे मले हसले. फुंकाचं नसते, ओढाचं असते. कांडी बदलली का धोट्याच्या भोकातून धागा आपण तोंडानं कसा ओढून घेतो? तसं. श्वेता डॉक्टरले मी हे सांगितलं तं ती म्हणे, "असं कोणी ओढतं का?" मी म्हटलं, माझी बहीण पाहाल तेव्हा समजन.

मले एकच गोळी उचलता येई. तुले काय जमते, पाहतो.

तुझी गोपी

---

दवाखाना, बाहेरचा बाक
२२ डिसेंबर

बाई,

हे पत्र काजल तुले वार्डात वाचून दाखवीन. श्वेता डॉक्टर म्हणते, औषधाच्या गुंगीतलं तुले पुढं आठवणार नाही. म्हणून मी लिहून ठेवतो. नाहीतर तू म्हणशीन मी असं बोललीच नाही.

तीन गोळ्या! काजलचा फोन आला तेव्हा मिनल ओरडली, "आई, मोठ्या मावशीनं तिन्ही उचलल्या, पहिल्याच दमात!" काजल म्हणे, तू खेळणं खाली ठेवलं अन् म्हणाली, "हे तं लेकराचं काम आहे. चल, बॅग भर." अन् तू निघाली. हे माझ्या एवढ्या पत्राईनं केलं का तीन गोळ्याईनं, ते मले माहीत नाही अन् मी विचारणार बी नाही.

दिघोरीच्या थांब्यावर एसटीतून उतरली तं तू माझ्याशी बोललीच नाही. मले खालून वर पाहिलं अन् चेतनले म्हणाली, "तुझ्या आईले लाज आहे काय? मेल्यावर नेसाची साडी नेसून थांब्यावर उभी आहे." मी म्हटलं, "तुझी लहान बहीण पाहुणीले घ्याले आली, मग चांगली साडी नको?" तू काठाकडं पाहिलं. मग म्हणाली, "निऱ्या आखूड घेतल्या." बस. चार वर्षांनंतरचं तुझं पहिलं बोलणं हे. मी रस्त्यावरच रडली, लोकं पाहून राहिली होती, पाहू दे.

आज सकाळी तुले आत न्याच्या वेळेस भुलीच्या डॉक्टरानं विचारलं, "आजी, झोपल्यावर नळी घालावी लागेल, चालेल ना?" तू डोळे मिटून पडली होती. डोळे न उघडता म्हणाली, "घाला. पण नळी निघाली का पहिलं पाणी माझ्या बहिणीच्या हातचं."

बाई, तू हे म्हणाली. काजल साक्षीदार आहे.

थैली काढली, फुटाच्या आतच. खडे मले बाटलीत दाखवले, सीताफळाच्या बियांसारखे. नळी तिथंच काढली, पण तुझ्या छातीसाठी एक दिवस काचेच्या खोलीत ठेवून राहिले, मास्क लावून. मी बाहेर बसली. बुढा दोनदा म्हणाला, घरी चल, जेवून ये. मी म्हटलं, तुम्ही जा, माझ्या वाटणीची भाकर बी खा.

आता दुपारी मले आत सोडलं. तू मास्कमध्ये, डोळे अर्धे. मले पाहिलं, हिरवी साडी पाहिली अन् मास्कच्या आतून काय म्हणाली, सांगू?

"गोपे, आपण दोघी मेलो काय वं?"

सिस्टर हसून हसून भिंतीले टेकली. मी म्हटलं, "नाही वं बाई, मेल्यावर एवढ्या सुया कोण टोचते?" तुले पटलं नाही. तू साडीचा पदर पकडला, अंगठा अन् बोटाच्या मधात घेऊन चोळला, जसं बाजारात कापड पाहतो तसं. मग मी तुझा हात हातात घेतला. गरम होता. तुझ्या बोटाले मेहंदी नाही, काही नाही, साधं म्हातारं नख. मी ते दाबलं. पांढरं झालं. सोडलं.

लाली आली, बाई. अशी आली जशी वाटच पाहून राहिली होती. छातीतून निघाली, काळजातून गेली, खांद्यातून, कोपरातून, तुझ्या त्या बारक्या बोटाच्या टोकापर्यंत, माझ्या डोळ्यासमोर. मी जन्मात देव पाहिला नाही. पण हे पाहिलं.

तू म्हणाली, "काय करून राहिली?" मी म्हटलं, "पाहून राहिली, पोचला का." तू म्हणाली, "काय?" अन् झोपली, पदर तसाच मुठीत. मले उठता येईना. सिस्टर सोडवाले आली तं मी म्हटलं, "राहू दे वं." तुझी मूठ आपसूक सुटली तेव्हा बाहेर येऊन हे लिहाले बसली.

आता श्वेता डॉक्टर आतून खूण करून राहिली. तू जागी झाली अन् पाणी मागून राहिली. एक चमचा द्याची परवानगी मिळाली.

बाकीचं पत्र काजल पूर्ण करीन. मी पाणी घेऊन आत चालली.